बोअरचं पाणी, मँगनीज आणि लहान मुलांचा मेंदू: काय तपासायचं, कसं तपासायचं आणि पुढे काय करायचं

बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट आला की आपण बहुतेक जण टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार), हार्डनेस, फ्लोराइड, नायट्रेट एवढंच बघतो, आणि खाली "पिण्यायोग्य" असं लिहिलेलं दिसलं की तो कागद कपाटात जातो. मँगनीज त्या रिपोर्टमध्ये बरेचदा नसतंच, कारण ते नाव घेऊन मागितल्याशिवाय कोणी करून देत नाही. ज्या घरात बाटलीनं दूध पिणारं बाळ आहे किंवा पाच-सहा वर्षांचं पोर आहे आणि पिण्याचं पाणी बोअरचं, हापशाचं किंवा विहिरीचं आहे, त्या घरानं ही एक तपासणी करून घ्यायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. ती कशी करायची, रिपोर्ट कसा वाचायचा आणि आकडा जास्त आला तर काय करायचं ते सगळं इथे लिहितोय. लेख मोठा आहे, पण घाई असेल आणि घरात तान्हं बाळ असेल तर बाटलीच्या दुधाचा भाग आधी वाचा.

आधी थोडं समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल

मँगनीज हे काही शिसं किंवा पाऱ्यासारखं निव्वळ विष नाही. शरीराला ते थोडंसं लागतंच, हाडांना लागतं, एन्झाइमना लागतं, आणि नाचणी, गहू, डाळी, पालेभाज्या, शेंगदाणे यातून ते आपल्याला मिळत असतं. मोठ्या माणसाच्या आतड्याला किती आत घ्यायचं याचा अंदाज असतो आणि जास्तीचं मँगनीज लिव्हर पित्तातून बाहेर टाकतं. तान्ह्या बाळात या दोन्ही गोष्टी अजून नीट बसलेल्या नसतात, म्हणजे आत जास्त जातं आणि बाहेर कमी पडतं, आणि नेमका तोच काळ मेंदू भराभर वाढण्याचा असतो. मँगनीज मेंदूत साठतं ते मुख्यतः खोल आतल्या गाठींमध्ये, ज्यांना बेसल गँग्लिया म्हणतात, तिथे डोपामिन या मेंदूतल्या निरोप पोचवणाऱ्या रसायनाचं काम चालतं, आणि हालचाल, लक्ष देणं, स्वतःला आवरणं, एका कामावरून दुसऱ्यावर जाणं हे सगळं त्याच्यावर अवलंबून असतं.

मोठ्या माणसांतला मँगनीजचा त्रास जुना माहिती आहे. १८३७ मध्ये ग्लासगोच्या जॉन कूपर नावाच्या डॉक्टरनं मँगनीजचा दगड दळणाऱ्या कामगारांबद्दल लिहिलं होतं, त्यांची चाल बिघडली होती, पाय लुळे पडत होते, बोलणं पुसट झालं होतं. मग १९४१ मध्ये जपानमधून एक प्रकरण छापून आलं, विहिरीला लागून सुमारे ४०० जुने बॅटरी सेल पुरलेले होते आणि त्या विहिरीचं पाणी पिणाऱ्या २५ लोकांना सुस्ती, थरथर, स्नायू ताठ होणं असा त्रास झाला. त्यात म्हाताऱ्या माणसांना जास्त आणि मुलांना कमी त्रास दिसला होता. मला वाटतं पुढे कित्येक वर्षं मुलांकडे कोणी फारसं बघितलं नाही त्याला हेही एक कारण असावं, कारण मुलं थरथरत नाहीत, लुळी पडत नाहीत, ती वर्गात लक्ष देत नाहीत एवढंच दिसतं आणि त्याला आपण खोडकरपणा किंवा आळस म्हणून मोकळे होतो.

मुलांवरचं ठळक काम २००० नंतरचं आहे. बांगलादेशात आरायहजार भागात ट्यूबवेलचं पाणी पिणाऱ्या १० वर्षांच्या १४२ मुलांची बुद्धी चाचणी घेतली, २००६ मध्ये ते छापून आलं, तिथे पाण्यात सरासरी लिटरमागे ०.८ मिलीग्रॅमच्या आसपास मँगनीज होतं (पुढचे पाण्याचे आकडे याच मापात आहेत) आणि जसं मँगनीज जास्त तसे चाचणीतले गुण कमी असं निघालं. नंतर त्याच भागातल्या मुलांवर झालेल्या अभ्यासात ०.४ च्या वर मँगनीज असलेलं पाणी पिणाऱ्या मुलांचे गणिताचे मार्क कमी आढळले आणि शिक्षकांनी भरलेल्या फॉर्मवरून वर्गातल्या वागण्यातही फरक दिसला. तिकडे आर्सेनिकचाही प्रश्न आहे, तो हिशोबात धरूनच हे काढलेलं आहे.

पण मला जास्त हलवून गेलं ते कॅनडातल्या क्युबेकचं काम. २०११ मध्ये आलेल्या या अभ्यासात आठ गावांतली ६ ते १३ वर्षांची ३६२ मुलं होती, गरिबी किंवा कुपोषण हा मुद्दा तिथे फारसा नव्हता, आणि घरच्या नळाच्या पाण्यातलं मँगनीज मोजलं तेव्हा सगळ्यात जास्त मँगनीजवाल्या पाचव्या हिश्श्यातल्या मुलांचा आयक्यू सगळ्यात कमीवाल्या हिश्श्यापेक्षा साधारण ६ गुणांनी कमी निघाला. जास्तवाल्या गटात पाण्यातलं मँगनीज ०.२ मिलीग्रॅमच्या जरासं वर होतं, म्हणजे आपल्याकडे "चालेल" म्हटलं जाईल असं पाणी. आणि एक महत्त्वाचं, जेवणातून येणाऱ्या मँगनीजचा असा संबंध दिसला नाही, पाण्यातल्याचाच दिसला. डेन्मार्कमध्ये तर २०२० मध्ये सुमारे ६ लाख ४३ हजार मुलांच्या नोंदी आणि त्यांच्या पत्त्यावरच्या पाण्याच्या नोंदी जोडून बघितल्या, तिथेही लहानपणी ०.१ च्या वरचं पाणी प्यायलेल्या मुलामुलींमध्ये एडीएचडीचा (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा अशा त्रासाचा) लक्ष न लागण्याचा प्रकार जास्त आढळला.

हे सगळे निरीक्षणाचे अभ्यास आहेत, त्यामुळे तुमच्या एका मुलाचं लक्ष लागत नाही ते मँगनीजमुळेच असं यावरून म्हणता येत नाही, तसं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. पण उंदरांवरच्या प्रयोगात जन्मल्यानंतरच्या काळात तोंडावाटे मँगनीज दिलं की लक्ष देण्यातला आणि बोटांच्या बारीक कामातला बिघाड मोठेपणीही टिकून राहतो असं दिसलंय. वेगवेगळ्या देशांतून एकाच दिशेला बोट दाखवणारं इतकं काही असताना पाणी तपासायला आणि बदलायला आणखी पुराव्याची वाट बघण्यात मला अर्थ वाटत नाही.

पायरी १: आपल्याला धोका कितपत आहे ते ठरवा

नगरपालिकेचं धरणाचं शुद्ध केलेलं पाणी रोज नळाला येत असेल तर काळजी बरीच कमी. प्रश्न आहे तो जमिनीखालच्या पाण्याचा. खोल पाण्यात ऑक्सिजन नसतो, तिथे खडकातलं मँगनीज विरघळून पाण्यात उतरतं आणि पाणी वर येतं तेव्हा काचेसारखं स्वच्छ दिसतं. हवा लागली की मग ते हळूहळू काळपट तपकिरी होतं.

महाराष्ट्रात मँगनीजच्या खाणी आहेत त्या नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत, रामटेककडे मनसर आणि कांद्री, सावनेर तालुक्यात गुमगाव, तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, आणि तोच पट्टा पुढे मध्य प्रदेशात बालाघाटला जातो. गोव्यातही लोखंडाबरोबर मँगनीज निघतं. याचा अर्थ तिथल्या प्रत्येक विहिरीचं पाणी खराब आहे असा अजिबात नाही, आणि खाण नाही म्हणजे मँगनीज नाही असाही नाही, डेन्मार्कच्या त्या मुलांच्या घराजवळ काय खाणी नव्हत्या. पण या पट्ट्यात राहणाऱ्यांनी तपासणी पुढे ढकलू नये.

घरात या खुणा बघा: फ्लश टँकच्या आतून काळा चिकट थर, बादलीच्या तळाला काळी बारीक पूड, पांढऱ्या कपड्यांवर तपकिरी काळे डाग, फिल्टरची पांढरी कँडल लवकर काळी पडणं, पाण्याला धातूसारखी चव. लोखंडाचा डाग तांबूस गंजासारखा असतो, मँगनीजचा काळ्याकडे झुकतो, आणि दोन्ही एकत्रही असतात. यात एक अडचण आहे. डाग आणि चव साधारण ०.१ च्या वर गेल्यावरच कळायला लागतात आणि तान्ह्या बाळासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं धरलेला आकडा त्याच्याही खाली आहे, म्हणून डाग दिसत नाहीत तेव्हा पाणी चांगलंच असणार असं समजू नका.

घरातलं कोणी वेल्डिंग करतं का, खाणीत, फेरोमँगनीजच्या भट्टीत, बॅटरीच्या कामात आहे का, हेही बघा. कामाचे कपडे घरात झटकू नका, वेगळे धुवा, आणि बाळाला उचलून घ्यायच्या आधी अंघोळ करून कपडे बदला.

पायरी २: नमुना नीट घ्या

इथेच निम्म्या लोकांचं चुकतं आणि मग रिपोर्टला काही अर्थ राहत नाही. लॅबला आधी फोन करा आणि सांगा की मला मँगनीज करायचंय, बाटली तुमचीच द्या. धातू तपासायच्या बाटलीत थोडं नायट्रिक ॲसिड घालतात, नाहीतर वाटेत मँगनीज बाटलीच्या कडेला चिकटतं आणि आकडा खोटा कमी येतो. बाटलीत आधीच ॲसिड असेल तर ती विसळायची नाही, आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवायची.

पंप किंवा नळ पाच मिनिटं सोडून द्या, मग भरा. शक्य असेल तर दोन नमुने घ्या, एक थेट बोअरचा आणि एक मूल जिथून पाणी पितं तिथला, म्हणजे स्वयंपाकघरातला नळ, माठ किंवा फिल्टरचा नळ. टाकीत मँगनीज तळाला बसतं आणि टाकी रिकामी होत आली की ते ढवळून एकदम बाहेर येतं, त्यामुळे दोन्ही आकडे वेगळे येऊ शकतात. टाकी नुकतीच धुतली असेल तर दोनचार दिवस थांबा. आणि पाणी गाळून देऊ नका, एकूण मँगनीज मागा.

तपासायचं कुठे? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळा आहेत, जल जीवन मिशनखाली सरकारी लॅब लोकांसाठी थोडक्या फीमध्ये खुल्या केल्या आहेत, शिवाय खाजगी एनएबीएल मान्यता असलेल्या लॅब आहेत. गावात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नमुने नेत असतो, त्याला विचारा, पण मँगनीज करतात का हे त्याच्याकडून नक्की करून घ्या. गावातल्या फील्ड किटवर विसंबू नका, त्यात क्लोरीन, लोह, नायट्रेट, फ्लोराइड असं असतं, मँगनीज सहसा नसतं. आरओ विकणारा टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतो त्याचाही इथे काही उपयोग नाही, १५० टीडीएसच्या गोड पाण्यातही मँगनीज जास्त असू शकतं कारण ते असतं मिलीग्रॅमच्या अंशात.

पायरी ३: रिपोर्ट वाचा

पहिलं म्हणजे मँगनीज आणि मॅग्नेशियम यात गल्लत करू नका. मॅग्नेशियमचा आकडा २०, ३०, ४० असा असतो आणि तो हार्डनेसचा भाग आहे, त्याची काळजी नाही. मँगनीजचा आकडा ०.०५, ०.२, ०.८ असा येतो. घाईत बरेच पालक मॅग्नेशियमची ओळ बघून घाबरतात किंवा उलट तीच बघून निश्चिंत होतात.

दुसरं, एकक. १ मिलीग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम, पीपीएम म्हणजे मिलीग्रॅम प्रति लिटर आणि पीपीबी म्हणजे मायक्रोग्रॅम प्रति लिटर असं धरा. ८० पीपीबी म्हणजे ०.०८.

तिसरं, "बीडीएल" लिहिलं असेल तर म्हणजे मशीनला सापडलं नाही, पण मशीनला किती खालपर्यंत सापडतं ते विचारा. लॅबची मर्यादाच ०.१ असेल तर बीडीएलवरून बाळाच्या पाण्याबद्दल काहीच कळत नाही.

आता कोणाचा आकडा किती. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० मध्ये मँगनीज ०.१ पर्यंत स्वीकारार्ह, आणि दुसरं पाणीच नसेल तर ०.३ पर्यंत चालवून घ्यायची सूट. जागतिक आरोग्य संघटनेचा आधीचा आकडा ०.४ होता, मध्यंतरी त्यांनी तो काढूनच टाकला, आणि २०२१ मध्ये ०.०८ असा तात्पुरता आकडा दिला, तो बाटलीनं दूध पिणाऱ्या बाळांना डोळ्यासमोर ठेवून. कॅनडानं २०१९ मध्ये ०.१२ ठरवला. म्हणजे जग हळूहळू खाली सरकतंय, आणि आपली ०.३ ची सूट मुलांच्या घरासाठी मला पटत नाही.

मी असं धरतो: ०.०८ च्या खाली असेल तर बाळासकट सगळ्यांनी प्यावं. ०.०८ ते ०.३ मध्ये असेल तर बाटलीच्या दुधाचं पाणी आजच बदला आणि बाकी मुलांसाठी महिन्याभरात सोय करा. ०.३ च्या वर असेल तर मुलांनी आणि गरोदर बाईनं ते प्यायचं नाही आणि त्यात स्वयंपाकही करायचा नाही. अंघोळ, कपडे, भांडी यासाठी त्या पाण्याची या बाबतीत भीती नाही, त्वचेतून मँगनीज आत जात नाही म्हणावं इतकं कमी जातं.

बाटलीचं दूध: हे सगळ्यात आधी

आईच्या दुधात मँगनीज अगदी नगण्य असतं. पहिल्या सहा महिन्यांत बाळाला दिवसाला साधारण ०.००३ मिलीग्रॅम पुरतं, आणि आईच्या दुधातून तेवढंच मिळतं. आता तेच बाळ पावडरच्या दुधावर आहे आणि दिवसाला ७०० मिली पाणी त्यात जातंय, पाण्यात मँगनीज ०.३ आहे, तर नुसत्या पाण्यातून ०.२१ मिलीग्रॅम गेलं. हे सत्तर पट झालं, आणि पावडरमध्ये असतं ते वेगळंच. सोयाच्या पावडरमध्ये तर गाईच्या दुधाच्या पावडरपेक्षा कितीतरी जास्त मँगनीज असतं, म्हणून डॉक्टरनं कारण सांगून दिली असेल तरच सोया द्या.

तेव्हा जमत असेल तर सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. आई स्वतः बोअरचं पाणी पीत असली तरी अंगावर पाजणं बंद करायचं नाही, आईच्या शरीरात गाळून दुधात फारच थोडं उतरतं. आणि ज्या आईला दूध येत नाही किंवा बाळाला बाटलीच द्यावी लागते तिला घरच्यांनी बोल लावू नये, तिला फक्त चांगलं पाणी आणून द्यावं, ते काम घरातल्या बाकीच्यांचं आहे.

पाणी उकळून दिलं की झालं असं आज्जी सांगते आणि जंतूंसाठी ते बरोबरच आहे, पण उकळल्यानं मँगनीज जात नाही, उलट पाणी आटतं तसं ते जरा घट्ट होतं. म्हणून आधी मँगनीज नसलेलं पाणी आणायचं आणि मग ते उकळायचं.

पायरी ४: पाणी बदला किंवा शुद्ध करा

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दुसरा स्रोत. बोअरमध्ये जास्त निघालं तर जवळच्या उथळ विहिरीचं, नळयोजनेचं पाणी तपासून बघा, एकाच गावात शंभर फुटांवर आकडा वेगळा येतो. पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून घरात लागतं तरी किती, तेवढं बाहेरून आणणं बऱ्याच घरांना जमतं. पावसाचं पाणी स्वच्छ छपरावरून पहिला पाऊस सोडून धरलं तर त्यात मँगनीजचा प्रश्न नसतो, कोकणात तर हा मार्ग सोडूच नये, मात्र उकळून घ्यायचं.

घरात मशीन बसवायचं तर आरओ मँगनीज काढतो. पण आपल्याकडच्या बऱ्याच आरओमध्ये एक टीडीएस कंट्रोलरचा छोटा स्क्रू असतो, तो चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी शुद्ध पाण्यात परत मिसळतो, आणि त्या कच्च्या पाण्याबरोबर मँगनीजही सरळ ग्लासात येतं. टेक्निशियनला सांगून तो पूर्ण बंद करून घ्या. आणि बसवल्यावर आरओच्या नळाचं पाणी पुन्हा लॅबला द्या, मग दरवर्षी एकदा, कारण लोह मँगनीजवाल्या पाण्यात मेंब्रेन लवकर चोक होतं.

नुसता यूव्ही काही करत नाही, तो जंतूंसाठी आहे. तुरटीनं गढूळपणा जातो, विरघळलेलं मँगनीज जात नाही. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकल्यावर पाणी काही तासांनी काळं पडत असेल तर घाबरू नका, क्लोरीननं मँगनीजचं ऑक्सिडेशन होतंय, पण हे इतकं सावकाश आणि अर्धवट होतं की त्याला शुद्धीकरण म्हणता येणार नाही. जुन्या काळी विहिरीत लाल औषध म्हणजे पोटॅशियम परमँगनेट टाकायचे, काही ठिकाणी अजून टाकतात, त्यात मँगनीजच असतं, तेव्हा पिण्याच्या विहिरीत ते अंदाजानं टाकू नका. सॉफ्टनर थोडंफार काढतो पण त्याबदल्यात सोडियम सोडतो, बाळाच्या दुधाला ते पाणी नको.

अख्ख्या सोसायटीसाठी किंवा शाळेसाठी करायचं असेल तर हवा देऊन, ऑक्सिडेशन करून खास मँगनीजसाठीच्या वाळूच्या फिल्टरमधून पाणी काढतात. लोह हवा लागली की पटकन खाली बसतं, मँगनीज हट्टी आहे, त्याला पाण्याचा पीएच चढवावा लागतो नाहीतर ऑक्सिडेशनचं औषध लागतं, म्हणून "आयर्न रिमूव्हल प्लँट बसवलाय" एवढ्यावर समाधान मानू नका, प्लँटच्या आधीचा आणि नंतरचा मँगनीजचा आकडा मागा.

आणि जुने सेल. घड्याळाचे, रिमोटचे, टॉर्चचे सेल फोडून आतली काळी पूड फळा काळा करायला किंवा सारवणात घालायची सवय खेड्यात होती. ती पूड म्हणजे बरीचशी मँगनीज डायऑक्साइड. मुलांच्या हाती फुटलेले सेल देऊ नका आणि विहिरीजवळ, बोअरजवळ कधीच टाकू नका, पुरू तर नकाच.

पायरी ५: पोराचं लोह बघा

हा भाग लोक गाळतात आणि माझ्या मते पाण्याच्या खालोखाल हाच महत्त्वाचा. आतड्यात लोह आणि मँगनीज आत जायचं दार बरंचसं एकच आहे. अंगात लोह कमी असलं की शरीर ते दार मोठं उघडतं, लोह मिळालं नाही तर त्याच दारानं मँगनीज जास्त आत येतं. आणि २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची जवळपास ६९ टक्के मुलं ॲनिमिक निघाली आहेत. म्हणजे एकाच पाण्यातून आपल्या पोराच्या अंगात जाणारं मँगनीज क्युबेकच्या पोरापेक्षा जास्त असण्याची चांगलीच शक्यता आहे.

तेव्हा हिमोग्लोबिन आणि जमलं तर फेरिटिन (अंगात साठलेलं लोह दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या. अंगणवाडीत मिळणारं लोहाचं सिरप, शाळेतली आठवड्याची गुलाबी गोळी, वर्षातून दोनदा येणारी जंताची गोळी, हे सगळं मूल खरंच घेतंय का बघा, बऱ्याच घरात बाटली फळीवर तशीच असते. सिरपसोबत लिंबूपाणी द्या, चहा किंवा दूध नको. लहान मुलांचा चहा बंदच करा, तो लोह शोषू देत नाही. चहाबिस्किटावर वाढणारी पोरं आपण रोज बघतो आणि त्याचं आपल्याला काही वाटत नाही.

विदर्भातल्या लोकांसाठी खास: तुमच्याकडे सिकलसेल आहे, आणि सगळीकडेच थॅलेसेमियाचे वाहक असतात, त्यामुळे हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून दुकानातून जास्तीचं टॉनिक आणून महिनोन्महिने पाजू नका, डॉक्टरांना विचारून ती तपासणी एकदा करून घ्या.

नाचणी, डाळी, भाज्या मँगनीज आहे म्हणून बंद करू नका. कृपया नको. जेवणातलं मँगनीज हा इथला प्रश्न नाही आणि नाचणीसत्व काढून मैद्याचं बिस्किट दिलं तर नुकसान जास्त होईल.

पायरी ६: मुलाच्या वागण्याकडे बघा, पण शिक्का मारू नका

घरात जास्त मँगनीजचं पाणी काही वर्षं प्यायलं गेलंय हे कळलं तर महिनाभर एका वहीत लिहून ठेवा. दोन सूचना एकदम दिल्या तर दोन्ही लक्षात राहतात का, अक्षर आणि बटणं लावणं वयाच्या मानानं कसं आहे, चेंडू झेलता येतो का, बसल्या जागी किती वेळ टिकतं, राग आल्यावर आवरतं का, पाढे आणि तोंडी हिशोब कसे आहेत. शिक्षकांना पण विचारा, त्यांना "माझ्या मुलाला मँगनीज झालंय" असं सांगायची गरज नाही, नुसतं लक्ष कसं आहे ते विचारा. वयानुसार झोप, मोबाईल, घरातला ताण याचाही परिणाम असतो, तोही प्रामाणिकपणे लिहा.

मग बालरोगतज्ज्ञांकडे पाण्याचा रिपोर्ट आणि ती वही दोन्ही घेऊन जा. आधी कान आणि डोळे तपासून घ्या, मग लोह, आणि जुना रंग, सुरमा, बॅटरीचं काम असं काही घरात असेल तर रक्तातलं शिसंही. मेक्सिको सिटीतल्या लहान मुलांवरच्या अभ्यासात शिसं आणि मँगनीज दोन्ही जास्त असलं की परिणाम नुसत्या बेरजेपेक्षा जास्त दिसला होता.

रक्तातलं मँगनीज करावं का? डॉक्टर म्हणाले तर करा, पण त्यातून फार कळत नाही, रक्तातला आकडा अलीकडचा अंदाज देतो, मागच्या चार वर्षांचा नाही. अमेरिकेत ओहायोतल्या मॅरिएटा भागातल्या मुलांमध्ये तर रक्तातलं मँगनीज खूप कमी आणि खूप जास्त अशा दोन्ही टोकांना आयक्यू कमी दिसला. केसांची तपासणी घरबसल्या करून देणाऱ्या जाहिराती असतात त्यात पैसे घालू नका, संशोधनात केस खास पद्धतीनं धुऊन तपासतात, बाहेरून चिकटलेलं आणि आतलं वेगळं करणं सोपं नाही. आणि "डिटॉक्स" किंवा चिलेशन (औषध देऊन अंगातला धातू बाहेर काढणं) कोणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. ते फार क्वचित, जनुकीय आजारात मँगनीज साठतं तेव्हा मोठ्या हॉस्पिटलात देखरेखीखाली देतात. एक अपवाद लक्षात ठेवा, बाळाला कावीळ रेंगाळली असेल किंवा पित्ताचा, लिव्हरचा आजार असेल तर मँगनीज बाहेर पडायचा रस्ताच अडलेला असतो, अशा मुलाच्या डॉक्टरांना पाण्याचा रिपोर्ट आवर्जून दाखवा.

तपासणीसाठी खाजगी परवडत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, त्यांच्याकडून जिल्ह्याच्या लवकर निदान केंद्रात चिठ्ठी मिळते, तिथे वाढीची तपासणी आणि थेरपी फुकट असते. आशाताईला पथकाची तारीख विचारून ठेवा.

लक्ष लागत नसेल, हाताचं बारीक काम जमत नसेल, तर त्याच्यावरची मदत कारण काहीही असलं तरी तीच असते, ऑक्युपेशनल थेरपी, छोट्या छोट्या सूचना, पुढच्या बाकावर जागा, गरज असेल तर डॉक्टरांचं औषध. म्हणून कारण सिद्ध व्हायची वाट बघत थेरपी थांबवू नका. आणि मुलासमोर "पाण्यानं याचं डोकं बिघडलं" असं कोणी, अगदी कोणीही, बोलू नये. सहा गुणांचा फरक हा शेकडो मुलांच्या सरासरीतला आहे, तुमच्या एका मुलाचं भविष्य त्यात लिहिलेलं नाही.

पायरी ७: शेजाऱ्यांना आणि शाळेला सांगा

तुमच्या बोअरमध्ये जास्त निघालं तर त्याच थरातून शेजारच्या बोअरमध्येही पाणी येत असणार, निदान तपासण्याइतकी शंका तर आहेच. रिपोर्टची झेरॉक्स ग्रामपंचायतीला अर्जासोबत द्या, पोच घ्या, आणि अंगणवाडी आणि शाळेच्या बोअरचा नमुना त्याच यादीत घाला असं लेखी मागा, कारण मूल दिवसातले पाच-सहा तास तिथलं पाणी पितं. ग्रामसभेत विषय घेतला तर आणखी चांगलं. सोसायटीत असाल तर वर्षाच्या पाणी तपासणीच्या यादीत मँगनीज हा शब्द लिहून घ्या, लॅबला तेवढा एक धातू वाढवायला फार पैसे लागत नाहीत.

तपासणी एकदा उन्हाळ्यात, पाणी खाली गेलं की, आणि एकदा पावसाळ्यानंतर करा, कारण जमिनीतल्या पाण्याचा आकडा ऋतूप्रमाणे हलतो. दोन्ही वेळा ०.०८ च्या बराच खाली आला तर नंतर वर्षाआड पुरे, पण बोअर आणखी खोल केलं, मोटर खाली सोडली किंवा नवीन टँकरवाला लावला तर त्याच आठवड्यात पुन्हा नमुना द्या.